वडिलांच्या नंबरचा रिचार्ज आणि अर्धवट सोडलेली थेरपी

वाचकाचं पत्र (थोडं लहान करून देतेय):

नमस्कार ताई. मी नाशिकचा, वय ४३, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. वडील दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी रडलो नाही. अंत्यविधी, रामकुंडावर दहावा, नंतरचे सगळे कागद मीच केले, आई आमच्याकडेच असते तिचंही बघतो. गेल्या वर्षापासून चिडचिड फार वाढली, मुलगा आठवीत आहे, त्याच्यावर मोबाईलवरून अभ्यासावरून ओरडायचो. एकदा हात उगारला. मारलं नाही पण तो ज्या नजरेने बघत होता ते डोक्यातून जाईना, म्हणून मित्राने सांगितलेल्या एका थेरपिस्टकडे ऑनलाईन सेशन चालू केले. घरात कोणालाच माहीत नाही. गुरुवारी रात्री बिल्डिंगखाली गाडीत बसून बोलतो आणि घरी सांगतो की कंपनीचा कॉल आहे. मागच्या महिन्यात बोलता बोलता वडिलांच्या फोनचा विषय निघाला. त्यांचा साधा बटणाचा फोन शोकेसच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि मी अजून दर २८ दिवसांनी त्याला रिचार्ज मारतो, का मारतो माहीत नाही. हे सांगताना एकदम रडायला आलं, हुंदके देऊन, थांबेचना. वॉचमनने काच वाजवली, साहेब काय झालं म्हणून. मी कॉल कट केला. तेव्हापासून तीनदा थेरपिस्टला मेसेज टाकलाय की या आठवड्यात बिझी आहे. खरं सांगू का, सेशन झालं की बरं वाटायच्या ऐवजी जास्त जड वाटतं. ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहे, तिला काय कळणार असंही वाटतं. बायकोला सांगावं का हाही प्रश्न आहे. आणि वडील गेले तेव्हा डोळ्यात पाणी नाही आणि रिचार्जवरून रडतो, हे नॉर्मल आहे का? थेरपी सोडू का?

नमस्कार दादा,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो अडकलाय आणि त्याच्यामागे बाकीचं सगळं अडकलंय. सोडू नका. म्हणजे पुढे कधीतरी सोडायची असेल तर खुशाल सोडा, ती तुमची थेरपी आहे, पण अशी सोडू नका, बिझी आहे बिझी आहे करत. हे पत्र वाचून झालं की फोन घ्या आणि तिला एवढंच लिहा: "मी बिझी नव्हतो. त्या दिवशी रडलो त्याची लाज वाटली म्हणून टाळत होतो. या गुरुवारी वेळ आहे का?" यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही, आणि यापेक्षा कमी लिहिलं तर परत तेच होईल.

तुम्हाला वाटत असेल की त्या दिवशी काहीतरी बिघडलं, आता तिच्यासमोर कसं जायचं. पण थेरपिस्ट लोकांच्या जगात हे इतकं ओळखीचं आहे की त्यावर आयुष्यभर काम केलेली माणसं आहेत. जेरेमी साफ्रान आणि क्रिस्टोफर म्युरन या दोघांनी हाच अभ्यास केला, की थेरपिस्ट आणि समोरचा माणूस यांच्यातला धागा मधेच ताणला जातो किंवा तुटतो तेव्हा काय होतं. त्यांनी पाहिलं की काहीजण सरळ भांडतात, तुमच्यामुळे काही फायदा होत नाहीये असं तोंडावर म्हणतात, आणि काहीजण मागे सरकतात, हसून विषय बदलतात, हो हो म्हणतात, सेशन पुढे ढकलतात. तुम्ही दुसऱ्यातले. आणि त्यांचं म्हणणं असं की हा ताण दोघांनी मिळून उघड बोलून सोडवला तर त्यातूनच बराच फरक पडतो, कारण जे माणूस बाहेर करत असतो तेच तो त्या खोलीत करतो. तुमच्या बाबतीत ती खोली म्हणजे गाडी, एवढंच. आता स्वतःकडे बघा. मन भरून आलं, कोणीतरी बघितलं, तुम्ही कॉल कट केला आणि कामाचं कारण पुढे केलं. घरात काय चाललंय? तेच चाललंय, दोन वर्षं. म्हणजे तुमची थेरपी फेल गेलेली नाहीये, ती नेमकी मुद्द्यावर येऊन पोचलीये आणि तिथून तुम्ही निघून आलात.

तुम्ही क्वालिटीत आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. लाईनवर रिजेक्शन यायला लागलं की तुम्ही तो पार्ट लपवून ठेवत नाही, उलट तोच पार्ट हातात घेऊन मशीनवर जाता आणि ऑपरेटरला दाखवता की बघ, इथे येतंय. चांगले पार्ट दाखवून काय कळणार? तसंच इथे, ज्या गोष्टीमुळे थेरपी सोडावीशी वाटतेय तीच गोष्ट थेरपिस्टला नेऊन दाखवायची. लाज वाटली ती, जड वाटतं ते, आणि तू माझ्यापेक्षा लहान आहेस तुला काय कळणार हेसुद्धा. हो, तेसुद्धा तिला सांगायचं. चांगल्या थेरपिस्टला त्याचा राग येत नाही, तिच्यासाठी ती कामाची माहिती असते.

हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. समुपदेशनाचं काम करते तरी मी स्वतःही थेरपी घेतलीये, आईच्या लांबलेल्या आजारपणानंतर. मी तिथे जाऊन आईबद्दल बोलायचे, भावाबद्दल बोलायचे, डॉक्टरांबद्दल, कामवाल्या मावशींबद्दल, आणि एक दिवस माझ्या थेरपिस्ट बाई मधेच म्हणाल्या, "हे सगळ्यांचं झालं, तुमचं काय?" मला इतका राग आला की उरलेला वेळ मी हो-नाहीच्या पुढे बोलले नाही आणि घरी येताना रिक्षात ठरवून टाकलं की बाईंना काही समजत नाही. पुढच्या वेळी मी गेले आणि बसल्या बसल्या म्हटलं की मागच्या वेळी मला तुमचा राग आला होता. त्या खुर्चीत थोड्या पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, कशाचा आला? बास, एवढंच. पण मला आठवत नाही की त्याआधी कधी मी मोठ्या माणसाला तोंडावर सांगितलं होतं की मला तुमचा राग आलाय, आणि समोरून ना ओरडा आला ना अबोला आला ना रडारड झाली. त्या दिवशी मला आईवरचा राग पहिल्यांदा बोलता आला. आजारी आईवर रागवायचं नसतं ना, त्यामुळे तो कुठे ठेवायचा हेच कळत नव्हतं.

आता तुमचा तो रिचार्ज. तुम्ही विचारलंत नॉर्मल आहे का. दादा, मला तर तुमच्या पत्रातली सगळ्यात समजण्यासारखी गोष्ट तीच वाटली. जरा आठवून बघा ते दिवस. फोन आला किंवा तुम्हीच नेलं त्यांना, मग ॲम्ब्युलन्स, मग डॉक्टरांची सही, नातेवाईकांना फोन, गावाकडून लोक कधी पोचणार, तोपर्यंत थांबायचं का. मग विधी. दहाव्याला रामकुंडावर उन्हात उभे, पिंड ठेवलाय, सगळे कावळ्याची वाट बघताहेत, कोणीतरी मागून सांगतंय की मनात बोल, आईची काळजी घेतो म्हणून बोल, मग शिवेल. म्हणजे त्या क्षणीसुद्धा तुम्ही वडिलांना निरोप देत नव्हता, तुम्ही जबाबदारी घेत होता. आणि मग तेरावा झाला, मंडप निघाला, पाहुणे गेले की कागद सुरू. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा कॉपी काढून ठेव, बँकेत केवायसी, आईच्या नावाने पेन्शन, वारसाची नोंद, लाईट बिलावरचं नाव बदल, गॅसचं कनेक्शन बदल. प्रत्येक खिडकीवर तोच एक वाक्यप्रयोग, "वडील वारले आहेत", तो इतक्या वेळा बोलायचा की त्याचा अर्थच निघून जातो. सगळ्या कागदांवरून एकेक करून त्यांचं नाव तुम्हीच कमी केलंत, स्वतःच्या सहीने. आणि एकच गोष्ट राहिली जिच्यावरून तुम्ही नाव कमी केलं नाही, तो नंबर. रिचार्ज नाही मारला तर काही महिन्यांनी कंपनी तो नंबर बंद करते आणि पुढे दुसऱ्या कोणाला देऊन टाकते, हे तुम्हाला माहीत आहे म्हणून तुम्ही २८ दिवस मोजता. मग त्याच्याबद्दल बोलताना रडू येणार नाही तर कुठे येणार?

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल एक मांडणी केली ती मला फार पटते. ते म्हणतात की माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याला दोन प्रकारची कामं असतात, एक म्हणजे त्या माणसाची आठवण, ओढ, रडणं, फोटो बघणं, आणि दुसरं म्हणजे त्याच्याशिवायचं आयुष्य उभं करणं, पैसे, कागद, घरातल्या नव्या जबाबदाऱ्या. माणूस या दोन्हीत ये-जा करत राहतो, सकाळी रडतो, दुपारी बँकेत जातो, रात्री परत आठवतं, आणि ही ये-जाच चांगली असते. तुम्ही येरझारा घातल्याच नाहीत. तुम्ही दोन वर्षं दुसऱ्याच बाजूला उभे आहात. याला मी दोष म्हणत नाही, घरातल्या मोठ्या मुलाला आपल्याकडे तिथेच उभं करतात, आणि कोणीतरी ते करायलाच लागतं. पण पहिली बाजू वाट बघत राहते.

आणि ते पाच टप्पे वगैरे कुठे वाचलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका, नाकारणं मग राग मग काय काय मग स्वीकार, आणि आपण कोणत्या टप्प्यावर अडकलो ते शोधत बसायचं. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते नंतर वापरायला लागले, आणि दुःख असं शाळेच्या इयत्तांसारखं पुढे पुढे सरकतही नाही. तसंच "आता विसरा, पुढे चला" हे जे लोक सांगतात ना, तेही जुनं झालं. १९९६ पासून तरी या क्षेत्रातले लोक उघडपणे म्हणताहेत की गेलेल्या माणसाशी नातं चालू राहणं हा आजार नाही, फक्त त्या नात्याचं रूप बदलतं. आपल्याकडे तर हे आधीपासून आहेच, नाहीतर पितृपक्षात त्यांच्या आवडीची भाजी कशाला करतो आपण. म्हणून रिचार्ज मारत राहा. तुम्हाला बंद करावासा वाटेल त्या दिवशी बंद करा, नाही वाटला तर चालू राहू दे, महिन्याचा तो खर्च तुमच्या घराला जड नाही. फक्त एक विचार करा, आईंना माहीत आहे का तो फोन चालू आहे? त्या ड्रॉवरजवळून त्या दिवसातून किती वेळा जात असतील.

सेशननंतर जड वाटतं म्हणालात. ते वाटतंच, आणि फक्त तुम्हालाच नाही. जेम्स पेनीबेकर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला लावलं, काहींना आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगाबद्दल आणि काहींना साध्यासुध्या विषयांवर. ज्यांनी प्रसंगही लिहिला आणि त्यावेळी मनात काय झालं तेही लिहिलं, त्यांचा मूड लिहून झाल्या झाल्या इतरांपेक्षा खराब होता, बीपीही वाढलेलं. पण पुढच्या सहा महिन्यांत तीच मुलं कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेली. म्हणजे लगेच कसं वाटलं यावरून निकाल लावता येत नाही. अर्थात त्याचा अर्थ असा नाही की जेवढं जड वाटेल तेवढी थेरपी चांगली, असं काही नसतं, महिनोन्‌महिने फक्त जड वाटत असेल आणि बाकी काहीच हलत नसेल तर तेही तिच्याशी बोलायला पाहिजे. मी तुम्हाला सांगेन की स्वतःच्या मूडकडे बघू नका, मुलाकडे बघा. चार महिन्यांपूर्वी आणि आता, ओरडणं तेवढंच आहे का? ओरडल्यावर तुम्हाला स्वतःला कळायला किती वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी कळतं की तिथल्या तिथे? हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये, पण तुमची थेरपी काम करतेय की नाही ते तिथे दिसेल.

आणि ते गाडीचं जरा बदला हो. आपल्याच बिल्डिंगखाली, लिफ्टमधून कोण येतंय जातंय ते बघत, काचा बंद, एसीसाठी इंजिन चालू ठेवायचं तर लोक बघणार आणि बंद ठेवायचं तर घामाघूम, अशात माणूस काय मोकळा होणार? आपल्या घरांमध्ये एक तास एकट्याने बसायला दार बंद होणारी खोली नसते हे मला माहीत आहे, माझ्याकडे येणारे कितीतरी जण गच्चीवरून, ऑफिसच्या जिन्यातून, पार्किंगमधून बोलतात. पण निदान शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या पार्किंगमध्येच थांबा किंवा गंगापूर रोडला आत कुठेतरी झाडाखाली गाडी लावा, जिथे तुम्हाला कोणी साहेब म्हणून ओळखत नाही. आणि सेशन संपलं की लगेच गाडी चालवू नका आणि लगेच घरातही जाऊ नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, पाणी प्या, कोणाचे फोन घेऊ नका. सेशनमधून थेट मुलाच्या गणिताच्या वहीसमोर जाऊन बसणं, ते दोघांसाठीही वाईट आहे.

वॉचमनबद्दल थोडं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत सुरू केली, आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती मराठीत आणली आणि रुजवली, त्या पद्धतीत एक साधा प्रश्न असतो. घटना काय झाली ते एक, आणि त्या घटनेबद्दल तुम्ही स्वतःला काय सांगितलंत ते दुसरं, आणि त्रास बहुतेक करून दुसऱ्यातून होतो. घटना अशी की एका माणसाने एका रडणाऱ्या माणसाला विचारलं की काय झालं. त्यात वाईट काय आहे? काहीच नाही, उलट रात्रीच्या ड्युटीवरचा माणूस खुर्ची सोडून उठून आला. पण तुम्ही स्वतःला सांगितलंत की मी रडताच कामा नये, आणि रडताना दिसताच कामा नये, आणि दिसलो म्हणजे माझी किंमत गेली. हे "कामा नये" तुमच्या डोक्यात कोणी घातलं ते शोधायचं काम थेरपिस्टबरोबर करा, तिथे ते नीट होईल. मी फक्त एवढं सुचवते की उद्या गेटमधून जाताना काच खाली करा आणि वॉचमनला म्हणा, त्या दिवशी वडिलांची आठवण आली होती, तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. एवढं बोलायला तुम्हाला आत्ता जेवढं कठीण वाटतंय ना, तेवढाच त्याचा उपयोग आहे.

ती लहान आहे यावर फार काही लिहीत नाही. वयाने मोठा आहे म्हणून थेरपिस्ट चांगला असं काही नसतं. तिचं शिक्षण विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयकडे म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे रजिस्ट्रेशन असतं ते विचारा, आणि समुपदेशक असेल तर कुठे शिकली, कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करते ते विचारा, हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही, प्रत्येकाने विचारायला पाहिजे. पण तिच्यासमोर तुम्ही रिचार्जबद्दल बोललात. चाळीस वर्षांच्या मित्रांसमोर नाही बोललात. यावरून तिला ऐकता येतं की नाही ते तुम्हीच ठरवा.

बायकोला सांगावं का. हो, आणि लवकर सांगा. मी सहसा असं सरळ हो म्हणत नाही कारण काही घरांमध्ये सांगितलेलं उलटं वापरलं जातं, भांडणात काढलं जातं, तू तर वेड्याच्या डॉक्टरकडे जातोस म्हणून, आणि तुमच्या घरात तसं होण्याची भीती खरोखर असेल तर आधी थेरपिस्टशी बोलून घ्या. पण पत्रात तसं काही दिसत नाही. तुमच्या बायकोच्या बाजूने एकदा बघा. नवरा चार महिने दर गुरुवारी रात्री खाली जातो, गाडीत बसून कोणाशी तरी बराच वेळ बोलतो, वर येतो तेव्हा डोळे लाल असतात, विचारलं तर म्हणतो कंपनीचा कॉल. तिने आतापर्यंत काय काय विचार केला असेल? ती गप्प आहे म्हणजे तिच्या लक्षात आलेलं नाही असं समजू नका, बायकांच्या हे लक्षात येतं, आणि जे तिच्या मनात आलं असेल ते खऱ्यापेक्षा खूप वाईट असणार. तिला त्या शंकेत ठेवू नका, ते तिच्यावर अन्याय करणारं आहे.

सांगताना सगळं सांगायची गरज नाही. सेशनमध्ये काय बोलता ते तुमचं, थेरपिस्टसुद्धा ते कोणाला सांगू शकत नाही, कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद सोडून, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. तुम्ही फक्त एवढं सांगा की चिडचिड वाढली होती, त्या दिवशी पोरावर हात उगारला तेव्हा मलाच भीती वाटली, म्हणून मी एका थेरपिस्टशी बोलतोय, बाबांबद्दल बरंच साठलंय. रात्री सगळे झोपल्यावर समोरासमोर बसवून सांगू नका, ते उगाच फार गंभीर होतं, तिला वाटेल काय झालं आता. भाजी आणायला दोघं जाता ना, तेव्हा चालता चालता सांगा, किंवा सकाळच्या चहाला. आणि एक होईल, ती कदाचित म्हणेल, माझ्याशी का नाही बोललास? त्यात राग असेल आणि दुखावलेपण पण असेल. तेव्हा लगेच समजवायला जाऊ नका, तुला त्रास नको म्हणून वगैरे, फक्त म्हणा की मला जमत नव्हतं. ते खरंही आहे.

मुलाबद्दल दोन गोष्टी. पहिली, त्याला स्पष्ट शब्दांत सांगा की मी तुझ्यावर हात उगारला ते माझं चुकलं. पण-बिण काही लावायचं नाही, पण तू मोबाईल किती बघतोस हे त्याच वाक्यात आणायचं नाही, मोबाईलचं वेगळ्या दिवशी बोला. दुसरी गोष्ट मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना जाणवली, की तुमचे वडील गेले तेव्हा त्याचे आजोबाही गेले. तो तेव्हा अकरा वर्षांचा असेल. त्या तेरा दिवसांत त्याला कुठे ठेवलं होतं, शेजारी की मामाकडे? त्यानंतर त्याच्याशी आजोबांबद्दल कोणी बोललं का? तुमच्या घरात चार माणसं आहेत आणि चौघंही एकाच माणसाला मनातल्या मनात आठवताहेत असं मला उगाच वाटतंय. तो फोन एकदा ड्रॉवरमधून बाहेर काढून चार्जिंगला लावा आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगा की बाबांचा नंबर मी चालू ठेवलाय. पुढे काय बोलायचं ते तुम्हाला ठरवावं लागणार नाही, कोणीतरी बोलेल.

एक गंभीर गोष्ट सांगून ठेवते, तुमच्या पत्रात तसं काही नाही तरी. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जेवण जाईना, दारू वाढली, कशातच रस राहिला नाही, किंवा जगून काय करायचं असा विचार एकदा जरी येऊन गेला, तर थेरपीबरोबर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनाही भेटा, गोळ्या लागल्या तर घ्याव्यात, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०२२ पासून लांबलेल्या दुःखाला वेगळं निदान म्हणून यादीत घेतलंय, पण त्यात वर्ष उलटून गेल्यावरही जवळजवळ रोज तीव्र ओढ आणि रोजचं जगणं ठप्प होणं असं बरंच काही लागतं, नुसती आठवण येऊन रडू येणं म्हणजे ते नाही, त्यामुळे नेटवर वाचून स्वतःला चिकटवू नका. आणि रात्री-अपरात्री कोणीच नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, दुसऱ्या कोणासाठी तरी कामाला येईल.

आता परत त्या मेसेजकडे. पाठवल्यावर ती काय म्हणते ते बघा. ती म्हणाली की बरं झालं कळवलंत, गुरुवारी बोलू, तर झालं. तीन सेशन ऐनवेळी कॅन्सल केली असतील आणि तिने त्याचे पैसे लावले तर देऊन टाका, ती वेळ तिने तुमच्यासाठी राखलेली होती. पण समजा ती चिडली, किंवा तुम्ही असं कसं केलंत म्हणून लेक्चर दिलं, किंवा तुमच्या रडण्याचा विषयच टाळून परत चिडचिड कमी करायच्या टिप्स द्यायला लागली, तर एकदा तिला सांगून बघा की मला त्या दिवसाबद्दल बोलायचंय, आणि तरीही झालं नाही तर थेरपिस्ट बदला. तेव्हासुद्धा एक शेवटचं सेशन घेऊन, सांगून बदला. नवीन ठिकाणी गेलात की पहिल्याच दिवशी रिचार्जपासून सुरुवात करा, म्हणजे परत चार महिने जाणार नाहीत. आणि काय झालं ते मला कळवा, आईंनी फोनबद्दल काय म्हटलं तेही.